फ्यूज कुणाला वाचवतो?

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यापासून नदी हाकेच्या अंतरावर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या अनेक वाड्यांच्या मातीच्या भिंती बसल्या. आमच्या वाड्याची मागची बाजूही त्या पुरात गेली. तिथं पत्र्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, त्याही 'तात्पुरत्या' म्हणून. त्यातल्या एका खोलीत आमचं कुटुंब भाड्यानं आलं. मी तिथंच वाढलो, पहिल्या कविताही तिथंच लिहिल्या.

पत्र्याच्या खोलीत विजेचा धोका वेगळा असतो. विटांच्या भिंतीत वायर सोलली, तर सहसा तेवढ्याच जागी धोका. पत्र्याला ती टेकली, की अख्खी खोली जिवंत होते. परदेशातली चाकांवरची धातूची घरं असोत की आपल्याकडच्या बांधकामांवरचे राहायचे कंटेनर, प्रश्न हाच असतो.

अम्मी अधूनमधून म्हणायची, "वजू करताना नळाला हात लावला, की मुंग्या येतात." आम्ही हसण्यावारी न्यायचो. मग एका पावसाळ्यात खालच्या काकू सकाळी धुणं वाळत घालत होत्या. दोरी कसली, लोखंडी तारच होती ती, आणि तिचं एक टोक आमच्या पत्र्याच्या आडूला बांधलेलं. ओलं लुगडं तारेवर टाकलं आणि काकू मागे फेकल्या गेल्या. कुणीतरी त्यांच्याकडे धावणार, एवढ्यात माझा धाकटा भाऊ ओरडला, "हात लावू नका, आधी मेन बंद करा!" काकू वाचल्या. हात मात्र दोन दिवस बधिर होता.

मला कोडं पडलं, की फ्यूज कसा उडाला नाही? जिन्याखालच्या मीटरच्या बोर्डावर जाऊन फ्यूज उपसून पाहिला. त्यात फ्यूजची बारीक तार नव्हतीच. साध्या वायरीतल्या तांब्याच्या चार-पाच तारा पिळून बसवलेल्या होत्या. त्या मीच बसवल्या होत्या. रमजानमध्ये सहरीच्या वेळी हीटर लावला की फ्यूज जायचा, म्हणून एकदाचा 'कायमचा' इलाज केला होता. शरमेनं मान खाली गेली.

वायरमनकाकांना बोलावलं. ते म्हणाले, "तुम्ही चुकलात हे खरंच, पण योग्य तार असती तरी काकूंना तिनं वाचवलं नसतं. फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही."

त्यांनी हिशेबच मांडला. घरात वीज येते २३० व्होल्टनं. ओल्या अंगाचा विरोध साधारण १,००० ओहम धरला, तर अंगातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरही भरत नाही. फ्यूजची तार १५ अँपिअरची. तिच्या लेखी हा प्रवाह म्हणजे एखादा दिवा लागल्यासारखा! माणसाच्या छातीतून मात्र ५० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा विसावा भाग, सेकंदभर गेला तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो.

मी विचारलं, "अर्थिंग असतं तर?" अर्थिंग हवंच. पण जमिनीतून परतीच्या वाटेचा एकूण विरोध १० ओहम असला, तर प्रवाह २३ अँपिअर होतो आणि १५ अँपिअरची तार तेवढ्यानं लगेच वितळेलच असं नाही. तोवर पत्रा जिवंतच राहतो.

यावरचा उपाय म्हणजे आरसीसीबी. लोक त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, हे तो सतत तोलत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो वीज तोडतो. मात्र जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्यासाठी एमसीबी वेगळा लागतो. आणि कुणी फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम धरले, तर त्यालाही ते कळत नाही.

मला वाटलं, ही पेटी खोलीत बसवावी. काका म्हणाले, "नाही, जिन्याखाली, मीटरच्या लगेच पुढे." कारण जिन्यापासून खोलीपर्यंतची वायरच पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. संरक्षण खोलीत असतं, तर त्याच्या अलीकडचा हा बिघाड त्याला दिसलाच नसता. मीटर आणि त्याच्या अलीकडचं सगळं महावितरणचं, तिथं आपण हात घालायचा नाही. पुढचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

वायर बदलून पाइपातून नेली. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. पत्रा अर्थिंगला जोडला. मग आरसीसीबी लावला, तर दिवा लावताच तो पडायचा! शोध घेतल्यावर कळलं, की वर्षानुवर्षांच्या जोडाजोडीत आमचा आणि शेजाऱ्यांचा न्यूट्रल एक झाला होता. एकाचा प्रवाह दुसऱ्याच्या वाटेनं परतत होता. म्हणजे चारही बिऱ्हाडांची वायरिंग सोडवणं आलं.

खरी अडचण इथं होती. मालक म्हणाले, "वाडा आज ना उद्या पाडायचाच आहे." भाडेकरू म्हणाले, "हे काम मालकांचं." दोघांचंही आपल्या जागी बरोबर असेल; पण वीज कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. शेवटी काकूच पुढे झाल्या. खर्च चौघांनी वाटून घेतला.

आता धुण्यासाठी नायलॉनची दोरी आहे. आरसीसीबीवर एक छोटं बटण असतं, 'टी' अक्षराचं. ते अधूनमधून दाबून पाहायचं. वीज गेली, तर यंत्र ठीक. नाही गेली, तर ते बदलायचं. मी विसरलो, तरी महिन्याच्या एक तारखेला खालून हाक येतेच, "भाऊ, बटण दाबलं का?"