पडद्यावरचा मल्हार

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या पंधरा दिवस आधी आमच्या नोएडातील सोसायटीत एक लहानसा पेच उभा राहिला. येथे मराठी घरे जेमतेम अकरा. बाकी मंडळी पंजाबी, बंगाली, बिहारी, तमिळ. पाच दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक संध्याकाळ शास्त्रीय गायनासाठी राखावी, असा आग्रह मी धरला आणि गायिका म्हणून माझ्या सासूबाईंचे नाव सुचविले. सासूबाई मूळच्या मिरजेच्या, संगीत विशारद. शाळेत गाणे शिकविण्यात त्यांची सारी नोकरी गेली. चार वर्षांपूर्वी सासरे गेले, आम्ही त्यांना दिल्लीकडे घेऊन आलो आणि तेव्हापासून त्या चार माणसांत गायल्या नव्हत्या. उत्सव समितीने नकार दिला नाही. मात्र एक अट घातली. मुले अर्धा तास नुसते गाणे ऐकणार नाहीत, तेव्हा मागे पडद्यावर काहीतरी दाखवावे.

ही अट सासूबाईंना कशी सांगावी, या विवंचनेत दोन दिवस गेले. सांगितल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे मी पार्श्वसंगीत, असंच ना?"

त्यांचा प्रश्न मला टोचला, आणि म्हणूनच या विषयाच्या मागे लागले. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने आणि दिवसभर कर्जप्रकरणे तपासणाऱ्या अधिकाऱ्याने संगीत व चित्रकला यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना धाडसाचे वाटेल. पण जमा आणि नावे या दोन बाजूंचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्याची सवय येथेही उपयोगी पडली, हे नमूद केले पाहिजे.

डोळ्यांना चित्र आणि कानांना प्रत्यक्ष संगीत, ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची मंडळी चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातील प्रसंगांची हाताने रंगविलेली चित्रे एकेक करून प्रेक्षकांसमोर धरायची आणि वाद्यांच्या साथीवर कथा गात-सांगत पुढे न्यायची, असा हा प्रकार. या कलेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. येथे चित्र स्वतः हलत नाही. ते कधी बदलायचे, हे गाणारा ठरवितो.

चित्र हलविण्याचे काम कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी केले. १८९२ च्या सुमारास त्यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने प्रकाशचित्रांचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर बारीक कुंचल्याने रंगविलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरा पडदा. पट्ट्या हाताने सरकवून वा एकावर एक आणून आकृती हलल्याचा भास निर्माण केला जाई, आणि त्याबरोबर निवेदन, संवाद व गायन-वादन प्रत्यक्ष चाले. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, १९१३ मध्ये आला. मला या खेळातील एकच गोष्ट अत्यंत मोलाची वाटते. पट्टी सरकविणारा हात माणसाचा होता. गाणाऱ्याने एखादी ओळ पुन्हा घोळविली, तर तो हात थांबू शकत होता.

सिनेमाने ही सोय काढून घेतली. फीत एका ठरावीक गतीने पुढे जाते, तिला गवयाची वाट पाहता येत नाही. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसणारे वादक चित्राच्या मागे धावत. त्याच परंपरेचा एक देखणा आधुनिक नमुना दिल्लीकरांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये पाहिला. हिमांशु राय यांची निर्मिती आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचे दिग्दर्शन असलेला, ताजमहालाच्या जन्मकथेवरील 'शिराझ' हा १९२८ चा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने नव्याने दुरुस्त केला आणि त्यासाठी अनुष्का शंकर यांनी संगीत रचले. लंडनमधील पहिल्या प्रयोगानंतर तो भारतात आला. चित्रपट पडद्यावर, आणि अनुष्का शंकर आपल्या वादकांसह प्रत्यक्ष मंचावर, असे प्रयोग हैदराबाद, कोलकाता, दिल्ली आणि मुंबई येथे झाले. सुमारे पावणेदोन तास सतारीला चित्राच्या घड्याळाबरोबर चालायचे, हे काम सोपे नाही. पण वाचकहो, येथे मालक चित्र आहे आणि संगीत त्याचे चाकर, अत्यंत सन्माननीय का असेना! सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे मिळेना.

अनुष्का यांचे वडील पंडित रविशंकर यांनीही हा खेळ खेळला होता. १९४९ पासून काही वर्षे ते आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर वाद्यवृंदाचे काम पाहत. तबलावादक पंडित चतुरलालही दिल्ली आकाशवाणीशी जोडलेले. या दोघांचे सतार-तबल्याचे संगीत १९५७ मध्ये कॅनडात नॉर्मन मॅकलॅरेन आणि क्लोद जुत्रा यांनी केलेल्या एका दहा मिनिटांच्या लघुपटाला लाभले. एक माणूस खुर्चीवर बसू पाहतो आणि खुर्ची त्याला बसू देत नाही, एवढीच गोष्ट. संवाद एकही नाही. खुर्ची अक्षरशः रुसते, पळते, लाथाडते, आणि तबला तिच्या मनातले बोलत असल्यासारखा वाटतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलाने तो लागोपाठ तीन वेळा पाहिला.

मराठी माणसाने दिल्लीत राहून केलेल्या एका ॲनिमेशनपटाचा उल्लेख ओघात आलाच पाहिजे, जरी तो मैफिलीचा प्रकार नव्हे. दूरदर्शनवर ज्यांचे बालपण गेले, त्या सर्वांना 'एक अनेक और एकता' आठवत असेल. १९७४ चा हा पट विजया मुळे यांचा, ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. त्यातील गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीत १९३९ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे हेच ते मौद्गल्य. पलुस्करांची परंपरा त्यांनी राजधानीत रुजविली. सासूबाईंना हे ठाऊक होते, मला नव्हते. "अगं, ते आमच्याच घराण्याचे," असे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तजेला दिसला.

तेवढ्या भांडवलावर मी त्यांचा होकार मिळविला. पडद्याची जबाबदारी शेजारच्या बंगाली कुटुंबातील मुलीने घेतली. ती ॲनिमेशनचे शिक्षण घेते. राग ठरला मियाँमल्हार. भाद्रपदातील पावसाला साजेसा. मुलीने आठवडाभर जागून चार मिनिटांचे सुरेख चलच्चित्र तयार केले. आधी काळे ढग, मग वीज, मग मोर, शेवटी धो धो पाऊस. तालीम आमच्या दिवाणखान्यात, भिंतीवर पांढरी चादर लावून झाली. सासूबाई अजून मंद्रात कोमल निषादाभोवती रेंगाळत होत्या, तोच भिंतीवर वीज कडाडली. मध्यसप्तकात येईपर्यंत मोर नाचून दमले. मुले हसू लागली. सासूबाईंनी तानपुऱ्याचे यंत्र बंद केले आणि त्या आत निघून गेल्या.

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. विलंबित एकतालाचे आवर्तन बारा मात्रांचे. त्यांच्या लयीत एका मात्रेला ४ सेकंद धरले, तर एक आवर्तन ४८ सेकंदांचे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटी टिकवायचे म्हटले, तरी सेकंदाला १२ चित्रे, म्हणजे एका आवर्तनाला ५७६. आता गाताना त्यांना लय किंचित सैल करावीशी वाटली आणि मात्रा साडेचार सेकंदांची झाली, की आवर्तन ५४ सेकंदांचे होते आणि ७२ चित्रे कमी पडतात. ही तूट एका आवर्तनाची. शिवाय बढत कुठवर न्यायची, हे गायिकेने आधी ठरविलेलेच नसते. थोडक्यात, ख्यालाचे अंदाजपत्रक करता येत नाही.

पाश्चात्त्य संगीतात ही अडचण निम्मी तरी कमी आहे, कारण तेथे रचना लिहिलेली असते. शूबर्टच्या १८२७ च्या 'विंटरराइझ' या चोवीस गीतांच्या मालेसाठी दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांनी चोवीस चलच्चित्रे योजली. २०१४ मध्ये गायक मथियास गॉर्ने आणि पियानोवादक मार्कुस हिंटरहॉयझर यांनी ती मैफल पडद्यासमोर सादर केली. एक कंठ, एक पियानो, मागे चित्र. केंट्रिज यांची पद्धत मोठी विलक्षण आहे. ते कोळशाने चित्र काढतात, त्याचा थोडा भाग पुसून बदलतात आणि प्रत्येक बदलाचे छायाचित्र घेतात. पुसलेल्याचा डाग कागदावर तसाच राहतो. विशेष म्हणजे ती चित्रे गीतांतील शब्दांचा अर्थ सांगत बसत नाहीत. गीतात हिमातून चाललेला जर्मन वाटसरू, तर पडद्यावर जोहान्सबर्गची आठवण. दोघे शेजारी चालतात, एकमेकांचा हात न धरता.

मुलीला मी हे दाखविले. ती सासूबाईंकडे गेली आणि तिने सरळ विचारले, "आजी, मल्हार गाताना तुम्हाला काय दिसतं?" त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. "काही दिसत नाही गं. पुढचा सूर दिसतो. आणि तुझा पाऊस आला की तो दिसेनासा होतो."

या उत्तराने माझ्याही एका समजाला धक्का बसला. जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात रागमाला चित्रे पाहताना मी नेहमी हरखून जाते. तोडी म्हणजे वीणा घेतलेली स्त्री आणि तिच्याभोवती हरणे. हिंदोल म्हणजे झोपाळा. रागाला रूप असतेच, असे मी धरून चालले होते. पण ती चित्रे पाहताना कोणी गात नसते. तळहातात मावेल एवढे चित्र रसिकाने निवांत न्याहाळावे आणि राग मनात ऐकावा, अशी ती योजना. गाणे चालू असताना दहा फुटी पडदा उजळला की डोळा कानाच्या वाट्यातले घेतो. बारा फूट गुणिले दहा फूट प्रकाशाशी एका सत्तरीच्या कंठाने स्पर्धा का करावी?

मुलीने चार मिनिटांचे चलच्चित्र बाजूला ठेवले. एक आठवड्याची मेहनत तिने एका वाक्यावर सोडून दिली, याचे मला आजही कौतुक वाटते. मॅकलॅरेन यांनी १९६० मध्ये एव्हलिन लँबार्ट यांच्यासह केवळ उभ्या रेषांचा एक चित्रपट केला होता. तो तिने अभ्यासक्रमात पाहिला होता. तिने ठरविले, एकच रेघ. चित्र काढण्याच्या पाटीवर लेखणीने ओढलेली, पडद्यावर उमटणारी आणि तीन-चार सेकंदांत विरून जाणारी. गाणे ऐकत ऐकत तिथल्या तिथे काढायची. आधी काही तयार ठेवायचे नाही. दिल्लीत २०१४ मध्ये साकेतच्या किरण नाडर कला संग्रहालयात नलिनी मलानी यांचे मोठे प्रदर्शन झाले होते. फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर रंगविलेल्या आकृती आणि त्यांतून सोडलेली व्हिडिओ चित्रे, अशा त्यांच्या छायानाट्यांची ख्याती आहे. पटवर्धनांची काच आणि मलानींचे नळकांडे यांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी रंगविलेल्या पारदर्शक पृष्ठातून दिवा पार करण्याची युक्ती तीच. आमच्या शेजारच्या मुलीने पटवर्धनांकडून दुसरी गोष्ट उचलली, त्यांचे नावही ठाऊक नसताना: चित्रामागचा माणसाचा हात.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पडदा सासूबाईंच्या मागे न लावता डाव्या बाजूला लावला, म्हणजे त्यांना हवा तर दिसेल. पहिली पाच मिनिटे त्यांनी तिकडे पाहिले नाही. आलापीत रेघ जवळजवळ स्थिर होती. कोमल गांधारावर आंदोलन आले तेव्हा ती पाण्यावर काठी ठेवावी तशी थरथरली. समोर सतरंजीवर बसलेली मुले गप्प होती. काही जण हवेत बोटाने ती रेघ गिरवत होते. एकदा मींड घेताना सासूबाईंनी मान वळविली, रेघ आपल्या मागोमाग खाली उतरताना पाहिली, आणि तीच मींड पुन्हा घेतली, या वेळी जरा जास्त लांबवून. मुलीची लेखणी पाटीच्या कडेवर जाऊन आदळली. दोघी हसल्या. ठरलेला अर्धा तास पन्नास मिनिटांवर गेला आणि समितीच्या सचिवांनी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले.

सगळेच साधले, असे मात्र नाही. द्रुत बंदिशीत तानांच्या वेगापुढे रेघेचा नुसता गुंता झाला. मागच्या खुर्च्यांवरील दोन वडीलधाऱ्या गृहस्थांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मला वाटते त्यांचेच ऐकणे अधिक चांगले झाले असावे. शेवटची तिहाई समेवर आली, टाळ्या सुरू झाल्या, तरी पडद्यावर रेघ अजून चालतच होती. मुलीला सम कळलीच नव्हती.

"सम आली की थांबायचं असतं," घरी परतताना सासूबाई तिला लिफ्टमध्ये म्हणाल्या. "रविवारी ये. आधी एकताल मोजायला शीक."

आता दर रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या दिवाणखान्यात टाळी आणि खालीचा आवाज येतो. मुलगी नवव्या मात्रेवर हमखास चुकते. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी तिची पाटी मागून घेतली आणि तिच्यावर लेखणीने बारा ठिपके काढून दाखविले. तीन सेकंदांत ते विरले, तेव्हा त्यांनी पुन्हा काढले.