पाऊण तासाचा कांदा

'सुरमई फ्राय आहे, कोळंबीचं कालवण आहे, सोलकढी आहे, मोदक आहेत.' बाबांनी रोजची यादी म्हणून दाखवली. समोर मुंबईहून आलेले पाहुणे. काका-काकू खूश. पण त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, 'काका, तीन दिवस मासेच खातोय. बर्गर, सँडविच असं काही मिळणार नाही का?'

केळशीत बर्गर! मला हसायलाच आलं. त्यासाठी दापोली गाठायची म्हणजे तासाभराचा वळणावळणाचा रस्ता. पण बाबा म्हणाले, 'मिळेल ना! आमचा मुलगा पुण्याला असतो, तो करतो सगळं.'

आता हॉस्टेलवर मी 'सगळं' करतो म्हणजे मॅगी करतो. क्वचित भुर्जी. फोनवर जरा जास्त फेकलं होतं, ते असं अंगावर आलं.

बाबांनी सरळ 'नाही' का म्हटलं नाही, ते मला माहीत होतं. ३ जून २०२०ला 'निसर्ग' वादळ आलं तेव्हा मी शाळेत होतो. दुपारच्या दोन-तीन तासांत आमच्या वाडीतले निम्म्याहून जास्त माड आणि जवळजवळ सगळ्या पोफळी आडव्या झाल्या. लाइट यायला कित्येक आठवडे लागले. आजोबांनी लावलेली झाडं होती ती. नवीन रोपं लावली, पण पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, माडाचंही तेच. तोवर घर चालवायचं कशावर? म्हणून बाबांनी मागच्या पडवीला लागून तीन खोल्या बांधल्या आणि गेटवर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी लावली. मे महिन्यात आलेल्या पाहुण्याला आमच्याकडे 'नाही' म्हणत नाहीत. तो पुढच्या वर्षी परत आला पाहिजे.

तर रात्री नेटवर शोधाशोध केली आणि एक सँडविच सापडलं. मिन्स्ड बीफ, वर कॅरमलाइज्ड कांदा, दोन्ही बाजूंनी भाजलेला ब्रेड. फोटो बघूनच भूक लागली. बीफचा प्रश्नच नव्हता. महाराष्ट्रात गाय आधीपासून आणि मार्च २०१५पासून बैल-वळूही कायद्याने बंद आहेत. म्हशीला ती बंदी नाही, शहरातल्या मेन्यूकार्डवर 'बफ' लिहिलेलं असतं ते तेच. पण आमच्या घरात बोकडाशिवाय दुसरं मटण येत नाही आणि पाहुण्यांनाही तेच चालणार होतं. खाटकाकडून अर्धा किलो खिमा आणला. पाववाला सकाळी मोटरसायकलवर पों पों करत येतोच, त्याच्याकडून लादी घेतली. मग आईला म्हटलं, 'तू बाहेर बस, आज किचन माझं.'

रेसिपीत लिहिलं होतं, 'कांदा दहा मिनिटं सोनेरी होईपर्यंत परता.' मी गॅस मोठा केला. पाच मिनिटांत कडा काळ्या झाल्या. म्हटलं वा, लवकरच झाला! चव घेतली तर बाहेरून कडू आणि आतून कच्चा, कचकन दाताखाली येणारा. वर चमचाभर साखर टाकली, ती जळली. खिमा धुऊन तसाच ओला तव्यावर टाकला होता, तो आपल्याच पाण्यात शिजून राखाडी झाला. सगळं पावात कोंबून वर केचप मारला.

मुलगी चांगली होती, 'ठीक आहे' म्हणाली. काकांनी 'प्रयत्न चांगला' म्हणून पाठ थोपटली. दोघांच्याही ताटात अर्धं अर्धं उरलं होतं. बाबांनी ती ताटं उचलली आणि काही न बोलता मागच्या दारी गेले. ओरडले असते तरी परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्यातल्या चाची अंडी द्यायला आल्या. केळशीत आमची वाडी आणि त्यांचा मोहल्ला यांच्यात एक गडगा आहे, तोही त्याच वादळात मध्येच कोसळलाय आणि तिथूनच सगळ्यांची ये-जा चालते. चाची लग्नाकार्यात बिर्याणीच्या देगा उतरवतात. मागच्या पडवीत घासायला टाकलेली माझी काळी कढई त्यांनी बघितली.

'ह्या काय केलंस?'

'कांदा परतला.'

'परतलास की पेटवलास? गॅस केवढा ठेवलावतंस?'

मी खुणेने दाखवलं. चाची हसत सुटल्या. आईही हसायला लागली. 'मला माहीत होतं हे असं होणार,' आई म्हणाली. 'वाटणाचा कांदा मी किती वेळ भाजते ते रोज बघतोस ना? पण तू म्हणालास, बाहेर बस. बसले.'

म्हणजे मी ज्याला परदेशी टेक्निक समजून नेटवर शोधत होतो, त्यातलं अर्धं आईच्या मटणाच्या वाटणात आणि अर्धं चाचींच्या देगेत होतं. तरी फरक आहे बरं का. बिर्याणीचा बिरिस्ता भरपूर तेलात तळतात, तो कुरकुरीत होतो. वाटणाचा कांदा खोबऱ्याबरोबर वाटायचा असतो, थोडा करपला तरी रश्शात खपून जातो. सँडविचसाठी हवा तो मऊ, जवळजवळ मुरंब्यासारखा. पण मंद आच आणि वेळ, हे तिन्हीकडे सारखंच.

चाची गेल्यावर मी जरा वाचलं. कांद्यात जवळपास ९० टक्के पाणी असतं. ते आहे तोवर कांद्याचं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही, आणि खरा तपकिरी रंग नि ती गोड-खमंग चव यायला त्याच्या बऱ्याच वर जावं लागतं. तिथे कांद्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांची प्रक्रिया होते. लुई कामीय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२मध्ये ती मांडली, म्हणून तिला माय्यार रिॲक्शन म्हणतात. जोडीला साखर स्वतःही तापून रंगते, ते कॅरमलायझेशन. गॅस मोठा केला की काय होतं? बाहेरचं पाणी उडून कडा जळतात, आतलं पाणी तसंच राहतं. माझी कढई म्हणजे याचं प्रॅक्टिकल होतं.

आणि हो, रेसिपीवाले खोटं बोलतात हे मी एकटाच म्हणत नाही. टॉम स्कॉका नावाच्या अमेरिकन पत्रकाराने २०१२मध्ये 'स्लेट'मध्ये याच विषयावर तडकून लेख लिहिला होता. पाच-दहा मिनिटांत कांदा कॅरमलाइज होतो असं छापणारे लोक हे का करतात, असा त्याचा सवाल होता. माझं उत्तर सोपं आहे. 'पाऊण तास' असं लिहिलं तर आपण रेसिपी उघडणारच नाही.

त्याच दुपारी, पाहुणे समुद्रावर गेलेले असताना, मी परत उभा राहिलो. या वेळी आईला आत बसवलं.

सहा मध्यम कांदे घेतले, साधारण एक किलो. एवढे बघून घाबरू नका, शेवटी वाटीभरच उरतात. उन्हाळी कांदा असेल तर उत्तम, तो टिकाऊ आणि जरा कोरडा असतो. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर चैनच, तो मुळातच गोड. कांदा उभा चिरायचा, देठापासून मुळापर्यंत. आडव्या चकत्या केल्या तर शेवटी लगदा होतो. भांडं जाड बुडाचं हवं. कढईच पाहिजे असं नाही, कुकर झाकण न लावता वापरला तरी चालतो, आणि हॉस्टेलवर कुकर असतोच. दोन चमचे तेल, थोडं बटर, कांदा, वर मीठ. मिठाने पाणी सुटतं. पहिली दहा मिनिटं साधी ताटली झाकून ठेवायची. कांदा आपल्याच वाफेत मऊ पडतो.

मग ताटली काढायची, आच मंद, आणि दर तीन-चार मिनिटांनी हलवायचं. इथे खरी परीक्षा. पंधरा मिनिटं काहीच होत नाही. कांदा नुसता पिवळट, ओला, कंटाळवाणा दिसतो. हात गॅसच्या बटणाकडे जातो. माझा दोनदा गेला, दोन्ही वेळा आई नुसती खाकरली. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. तो जळका नव्हे, चव तिथेच असते. दोन चमचे पाणी टाकायचं आणि उलथन्याने खरवडायचं, सगळा रंग कांद्याला लागतो. हे चार-पाच वेळा केलं की कांदा चॉकलेटी, चकचकीत होतो. एकूण पंचेचाळीस मिनिटं लागली, घड्याळ लावलं होतं.

चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर रंग लवकर येतो हे खरंय. पण कांदा गिळगिळीत होतो. मी करून बघितलं, तुम्ही करू नका.

शेवटी परदेशी रेसिपीत व्हिनेगर असतं, नुसता गोडपणा अंगावर येऊ नये म्हणून. आमच्याकडे कोकमाचं आगळ होतं. गॅस बंद करून अर्धा चमचा आगळ टाकलं. आगळ खारट असतं, म्हणून आधीचं मीठ हात राखून. लोखंडी कढई असेल तर आगळ घालण्याआधी कांदा वाटीत काढून घ्या, नाहीतर लोखंडाचा वास लागतो. ही ॲडिशन माझी स्वतःची, आणि मला तिचा अभिमान आहे.

खिम्याचं तितकं अवघड नाही. मटण आधी धुऊन, निथळवून मगच खिमा करून घ्यावा. खिमा केल्यावर धुतला तर पाणी आत बसतं आणि तो भाजला न जाता उकडतो. फ्रीजमध्ये उरलेला पाव किलो तर मी आधीच धुऊन बसलो होतो, मग आईने तो स्वच्छ फडक्यात घट्ट पिळून दिला. बोकडाच्या खिम्यात चरबी कमी असते, म्हणून खाटकाला थोडी चरबी घालायला सांगायची. तवा धूर येईपर्यंत तापवायचा, खिमा पसरायचा आणि तीन मिनिटं हात लावायचा नाही. खालून खमंग झाला की उलटायचा, फोडायचा, पूर्ण शिजवायचा. बर्गरसारखा मध्ये गुलाबी ठेवायची हौस नको, खिम्यात बाहेरचे जंतू आतपर्यंत गेलेले असतात. ठेचलेला लसूण, मिरची, भरपूर मिरपूड, मीठ. बस. गरम मसाला घातला की तो खिमा-पाव होतो. तोही भारीच, पण मग पाऊण तास कांद्यापाशी उभं राहण्यात अर्थ नाही.

त्याच तव्यावरच्या तेलात पाव आतून भाजायचा. खाली कांदा, मध्ये खिमा, वर पुन्हा कांदा. चीज आवडत असेल तर एक चकती. वर जड झाकण ठेवून मिनिटभर दाबायचं.

पाव किलो खिम्यात आठ सँडविचं झाली. ही युक्तीसुद्धा जुनी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एल रिनो नावाच्या रेल्वेच्या गावात मांस परवडेना, तेव्हा बर्गरवाले तेवढ्याच मांसात मूठभर पातळ चिरलेला कांदा दाबून भाजायला लागले. मांस पुरवठ्याला यावं म्हणून केलेली काटकसर. पण लोकांना ते इतकं आवडलं की पैसे आल्यावरही कांदा गेला नाही. आपल्याकडे खिम्यात मटार नाहीतर बटाटा का पडतो, त्याचंही गणित वेगळं नसावं. महिन्याच्या शेवटी मेसचे पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. कांदा एकदाच दोन किलोचा करून डब्यात भरला तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो, अंड्यावर, डोशावर, अगदी मॅगीतही चालतो. इंडक्शनवर करणार असाल तर एक गोष्ट, स्वस्त इंडक्शन कमी पॉवरवर सारखं चालू-बंद होत राहतं. त्याने बिघडत नाही, फक्त वेळ तासाभरावर जातो. अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसा, किंवा बसल्यासारखं करा.

आणि व्हेजवाल्यांनो, कच्चा फणस उकडून, कुस्करून याच पद्धतीने भाजून बघा. कांदा तोच.

संध्याकाळी पाहुणे समुद्रावरून आले. मी काही न बोलता प्लेट ठेवल्या. मुलीने पहिला घास घेतला आणि मोबाइल उलटा ठेवला. एवढंच. मग तिने दुसरं मागितलं, काकूंनी कांदा कसा केला ते विचारलं, आणि काका म्हणाले, 'कालचं कोणी केलं होतं मग?' एक सँडविच मी गडग्यापलीकडे पोचवलं. चाचींनी खाल्लं, आणि 'मीठ उलीसा जास्ती' म्हणाल्या. आगळाचं विसरलो होतो.

रात्री बाबा पाटी पुसत बसले होते. मोदकांच्या खाली त्यांनी खडूने लिहिलं, 'खिमा सँडविच'. थोडं थांबून मला विचारलं, 'किती वेळ लागतो म्हणालास?'

'पाऊण तास. कांद्यालाच.'

त्यांनी पुढे कंसात लिहिलं, 'तासभर आधी सांगणे'. मग खडू माझ्या हातात देऊन टॉर्च घेतली आणि पोफळींना पाणी पोचलं की नाही ते बघायला वाडीत गेले.