हिरवी खूण नेमकं काय सांगते?

अपाचे काफ्कातून डेटा आत-बाहेर नेणाऱ्या कनेक्टरच्या परवानग्या तपासायला टूल आहे, तेव्हा ते कसं चालवायचं एवढं लिहून ठेवलं की पुरे, हा समज इतका रुळलाय की अशा टूलची माहितीपुस्तिका बहुधा कमांडच्या यादीवरच संपते. मला हे घातक वाटतं. वाचणारा टूलच्या निकालावर विसंबून पुढचं पाऊल टाकतो. म्हणून टूल काय तपासत नाही, हे त्याला आधी कळलं पाहिजे.

टॉपिकचं नाव देऊन मागवलेली यादी म्हणजे त्या टॉपिकवरच्या सगळ्या परवानग्या, हा सर्वांत पक्का गैरसमज. वस्तुस्थिती अशी की ‘काफ्का-एसीएल्स’ ही कमांड नुसत्या नावावर फक्त त्या नेमक्या नावाने लिहिलेले नियम दाखवते. नावाच्या सुरुवातीवरून अनेक टॉपिकांना एकदम लागू होणारे नियम आणि तारांकनाने सर्वांनाच लागू होणारे नियम त्यात येत नाहीत. ते हवे असतील तर नमुन्याचा प्रकार ‘मॅच’ आहे असं वेगळं सांगावं लागतं. काफ्काच्या अधिकृत दस्तऐवजात ही सूचना आहे, पण टीमच्या स्वतःच्या पुस्तिकेत ती क्वचितच उतरते. मग पडद्यावर परवानगी दिसते, न दिसलेल्या नियमात नकार असतो, आणि काफ्कात नकार नेहमीच परवानगीवर मात करतो. उलट बाजूने, ‘सुपर युजर’ या यादीत नसतातच. त्यांची नावं ब्रोकरच्या सेटिंगमध्ये असतात आणि त्यांना नियम अडवतच नाहीत. म्हणून सुपर युजर असलेल्या ॲडमिनच्या खात्यातून केलेल्या चाचणीवरून कनेक्टरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

‘कनेक्टर रनिंग दाखवतोय, म्हणजे परवानग्या ठीक’ हेही तसंच. काफ्कातून डेटा बाहेर नेणाऱ्या सिंक कनेक्टरला टॉपिक नावाच्या नमुन्याने नेमून दिले असतील, तर ज्या टॉपिकांची परवानगी नाही ते त्याच्या यादीतून गुपचूप गळतात. एररही येत नाही आणि डेटाही येत नाही. याच कनेक्टरला टॉपिकइतकीच कन्झ्युमर ग्रुप वाचण्याचीही परवानगी लागते, आणि त्या ग्रुपचं नाव ‘कनेक्ट’, मग जोडरेघ, मग कनेक्टरचं नाव असं आपोआप बनतं. म्हणजे कनेक्टरचं नाव बदललं की ग्रुप बदलला, आणि कालपर्यंत पुरेशी असलेली परवानगी आज अपुरी पडू शकते. शिवाय कनेक्टर ज्यात चालतो त्या वर्करला स्वतःचे कॉन्फिग, ऑफसेट आणि स्टेटस हे तीन टॉपिक वाचावे-लिहावे लागतात. तपासणी वर्करच्या ओळखीने केली की कनेक्टरच्या, हे ज्यावर लिहिलेलं नाही तो निकाल मी ग्राह्य धरणार नाही. काफ्काबाहेरची बाजू आणखी निराळी: डेबेझियम कनेक्टरने पोस्टग्रेस वाचायचा तर डेटाबेसमधल्या खात्याला रेप्लिकेशनचा अधिकार लागतो, आणि काफ्काच्या एसीएलना, म्हणजे वरच्या परवानगी-नियमांना, त्याचा पत्ताही नसतो. कनेक्टर चालवणाऱ्या ‘काफ्का कनेक्ट’च्या रेस्ट एपीआयलाही हे एसीएल लागू होत नाहीत. पोर्ट ८०८३ वरच्या त्या दारावर मुळात ओळख विचारलीच जात नाही, ती सोय वेगळी करावी लागते.

यावर एक आक्षेप येतो: एवढा खटाटोप कशाला, कनेक्टरला सगळ्याच परवानग्या देऊन टाका. त्याने अडथळे जातात हे खरं. पण ज्या कनेक्टरला एकच टॉपिक लिहायचा आहे, त्याचा पासवर्ड फुटला तर सगळेच टॉपिक उघडे पडतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लिहिलेलं लवकर जुनं होतं, आणि जुनी पुस्तिका नसलेल्या पुस्तिकेपेक्षा वाईट. उदाहरणही आहे. कनेक्टरला स्वतःची वेगळी ओळख वापरू द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या सेटिंगचं मूळ मूल्य ‘काहीच नाही’ होतं. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून ते ‘सर्व’ झालं. त्याआधी लिहिलेली पुस्तिका आज नवख्याला चुकीचं सांगेल. पण यावरून लिहूच नये असं ठरत नाही. प्रत्येक विधानाशेजारी आवृत्ती लिहिली, तर जुनं कुठलं ते वाचणाऱ्याला ओळखता येतं.

आपल्या टीमची पुस्तिका उघडा. कोणाच्या ओळखीने, कोणत्या आवृत्तीवर, काय तपासलं आणि काय तपासलं नाही, ही चार उत्तरं तिच्या पहिल्या पानावर नसतील, तर कमांडच्या यादीआधी ती लिहा.