पदक कपाटात, पुढे काय?

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांनी एकच धागा पकडला: धोनीसारखाच हाही रेल्वेतला तिकीट तपासनीस! गोष्ट खरी होती, पण तिचा कामाचा भाग तारखांमध्ये दडलेला होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा 2009 मध्ये, शाळकरी वयातच, राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. 2015 मध्ये त्याला मध्य रेल्वेत नोकरी लागली. ऑलिंपिक पदक आलं ते त्यानंतर नऊ वर्षांनी. म्हणजे पदकामुळे नोकरी मिळाली नाही. आधी नोकरी लागली, महिन्याचा पगार सुरू झाला आणि त्या आधारावर पुढची नऊ वर्षं सराव चालू राहिला.

हा क्रम पालकांनी नीट पाहायला हवा, कारण आपल्याकडे खेळणाऱ्या मुलाच्या भवितव्याचा विचार बरोबर उलटा केला जातो. आधी मोठं पदक, मग नोकरी, मग शिक्षणाचं बघू. दरवर्षी तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत हजारो मुलं शालेय स्पर्धांमध्ये खेळतात. त्यातली फारच थोडी राष्ट्रीय संघापर्यंत पोचतात. बाकीच्यांचं काय होतं, हा प्रश्न बक्षीस समारंभात कुणी विचारत नाही.

खाशाबा जाधवांची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं आणि 1955 मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. त्यांच्या जन्मदिनी, 15 जानेवारीला, आता राज्याचा क्रीडा दिन साजरा होतो. त्या काळात खेळाडूच्या मागे व्यवस्था म्हणून एक माणूस उभा होता. आज शासन निर्णय आहेत, आरक्षण आहे, शिष्यवृत्त्या आहेत, सवलतीचे गुण आहेत. नाही तो हे सगळं वेळेवर वाचून मुलाच्या हातात देणारा माणूस. माझ्या मते आपल्या खेळाडू विद्यार्थ्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान मैदानावर होतच नाही. ते नववी ते बारावीच्या चार वर्षांत, कागदावर होतं.

सवलतीच्या गुणांपासून सुरुवात करू, कारण पालकांना एवढी एकच गोष्ट हमखास ठाऊक असते. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी पाहून जास्तीत जास्त 25 गुण मिळू शकतात. दहावीच्या टक्केवारीवर अकरावीचा प्रवेश ठरतो, त्यामुळे तिथे ते उपयोगी पडतात. पण बारावीनंतर अभियांत्रिकीला जायचं असेल तर एमएचटी-सीईटी, वैद्यकीयला नीट. या परीक्षांच्या गुणांत मैदानावरची कामगिरी मिळवली जात नाही. ‘गुण मिळणारच आहेत’ म्हणून वर्षभर वह्या न उघडणाऱ्या मुलाला हे जूनमध्ये कळतं. सवलत वाईट नाही, तिच्यावर टाकलेला भरवसा वाईट आहे.

खरी गुंतागुंत आहे प्रमाणपत्रांची. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. समांतर म्हणजे ते प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत लागू होतं. वरच्या गटातल्या पदासाठी वरच्या स्तरावरची कामगिरी लागते, खालच्या गटासाठी निकष त्या मानानं सौम्य असतात. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांतही खेळाडूंची थेट भरती होते, रेल्वेचे विभाग तर दरवर्षी खेळाडूंसाठी वेगळ्या जाहिराती काढतात. कबड्डी आणि खो-खोच्या कितीतरी मुलामुलींचं घर या जाहिरातींवर उभं आहे. 2020 मध्ये केंद्रानं पात्र खेळांची यादी 43 वरून 63 वर नेली आणि तीत मल्लखांब, रस्सीखेच, रोलबॉल हे खेळही आले. मल्लखांब शिकवणाऱ्या किती आखाड्यांत ही बातमी पोचली असेल, याची मला शंका आहे.

पण कपाटातलं प्रत्येक प्रमाणपत्र या दारातून आत जात नाही. केंद्राच्या भरतीत ठरावीक नमुनेच चालतात: आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी राष्ट्रीय महासंघाच्या सचिवाच्या सहीचा, राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्य संघटनेच्या सचिवाच्या सहीचा, आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाचा आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेसाठी शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याचा. कुठल्याशा ‘नॅशनल’ नाव लावलेल्या, मान्यता नसलेल्या संस्थेनं दोन-चार हजार प्रवेश शुल्क घेऊन दिलेलं चकचकीत प्रशस्तिपत्र इथे कागदाच्या मोलाचं. अशा स्पर्धा सुट्टीच्या दिवसांत जागोजागी भरतात. पालक हौसेनं पैसे भरतात, मूल खुशीनं पदक गळ्यात घालतं. पाच-सहा वर्षांनी अर्ज भरताना कळतं की त्या संस्थेचं नाव कुठल्याच यादीत नाही. तेव्हा स्पर्धेला नाव देण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही स्पर्धा कुठल्या मान्यताप्राप्त संघटनेची आहे? उत्तर द्यायला आयोजक अडखळले, तर पैसे खिशातच ठेवा.

राज्याच्या भरतीत आणखी एक टप्पा असतो, पडताळणीचा. खेळाडू आरक्षणातून अर्ज करणाऱ्यानं आपलं प्रमाणपत्र क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडे तपासणीसाठी दिलेलं असावं लागतं, आणि तेही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी. निदान तशी पोचपावती तरी हवी. मधल्या काळात बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं उघडकीस आली, त्यामुळे तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. तिचा भुर्दंड मात्र खरं खेळलेल्या मुलांना बसतो. सातवीत मिळालेल्या प्रमाणपत्रावर नाव ‘सागर’, दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘सागर तानाजी’, आधारवर तिसरंच काही. जन्मतारीख एका ठिकाणी चुकलेली. स्पर्धेच्या निकालपत्राची प्रत शाळेत नाही, कारण तेव्हाचे क्रीडाशिक्षक बदलून गेले. अशा वेळी जुन्या स्पर्धेची कागदपत्रं शोधत तालुक्याला, जिल्ह्याला, विभागाला हेलपाटे घालणारा तरुण जिंकलेली शर्यत दुसऱ्यांदा पळत असतो. हे टाळायला लागते ती फक्त एक फाइल. प्रत्येक स्पर्धेनंतर त्याच आठवड्यात प्रमाणपत्राची प्रत, निकालपत्र, सहभागी संघांची यादी, वर्तमानपत्रातलं कात्रण त्यात लावायचं आणि नावाचं स्पेलिंग तपासायचं.

ग्रामीण महाराष्ट्रात पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी जी मुलं-मुली दिसतात, त्यांच्यातली बरीच पोलीस भरतीची असतात. ‘अभ्यास जमत नाही, पण पळतो चांगला’ असं त्यांच्याबद्दल घरचेच सांगतात. आता त्या भरतीचं गणित पाहा. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी परीक्षा 100 गुणांची. मैदानातून निवडलेल्या उमेदवारांनाच लेखीला बोलावतात हे खरं, पण अंतिम यादीत लेखीचं वजन दुप्पट. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान या विषयांवर सोळाशे मीटरचा वाघ अडतो. अग्निवीर भरतीतही 2023 पासून आधी संगणकावरची लेखी परीक्षा, मग मैदान, असा क्रम झाला आहे. ज्या वाटेला आपण ‘बिनअभ्यासाची’ समजत होतो, तिच्या तोंडाशीच प्रश्नपत्रिका ठेवलेली आहे. आठवीपासून रोज एक तास गणिताला देणं हा खेळाडूच्या सरावाचाच भाग मानायला हवा.

सैन्याची आणखी एक वाट लहान वयात उघडते. पुण्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीसारख्या ठिकाणच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या साधारण 8 ते 14 वयाची मुलं निवडतात. राहणं, खाणं, शाळा आणि प्रशिक्षण तिथेच, आणि वय भरलं की सैन्यात भरती. अविनाश साबळेची गोष्ट मात्र वेगळी. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा बारावीनंतर साधा सैनिक म्हणून भरती झाला, सियाचीनला राहून आला आणि 2015 मध्ये क्रॉसकंट्रीतून ॲथलेटिक्सकडे वळला. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण त्याचंच. शाळेत चमकला नाही म्हणून मुलाला मोडीत काढणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

सगळ्यांत जास्त मुलं खेळ सोडतात ती अकरावी-बारावीत. दहावीपर्यंत जिल्हा गाजवणारी मुलगी क्लासच्या वेळापत्रकात अडकते. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, मैदान बंद. मुलींच्या बाबतीत घरचा दबाव अधिक, संध्याकाळचा प्रवास अवघड. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि पुढे राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाली. तिच्या तालुक्यातल्या किती मुलींना बारावीनंतर बूट घालायला मिळतात?

या वयात काही सोयी कामी येऊ शकतात. बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांतच राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली, तर सीबीएसई अशा विद्यार्थ्यांना नंतर परीक्षा देण्याची मुभा देते, मात्र त्यासाठी वेळेत शिफारसपत्र हवं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षा तर मागणीनुसारही देता येतात. वर्षातले निम्मे दिवस शिबिरात असणाऱ्या मुलासाठी ही सोय चांगली आहे, फक्त ती शाळा सोडण्याची सबब होऊ नये. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूला वर्षाला 6 लाख 28 हजार रुपयांचं पाठबळ असतं. त्यातले महिन्याला 10 हजार हाती येतात, बाकी प्रशिक्षण, आहार, साहित्य यांवर खर्च होतात.

शाखा निवडतानाही खेळाडू मुलं गफलत करतात. ‘मला फिजिओथेरपिस्ट व्हायचंय’ असं दुखापतीतून सावरलेली बरीच मुलं म्हणतात, आणि म्हणतात तेव्हा ती कला शाखेत असतात. महाराष्ट्रात फिजिओथेरपीच्या पदवीचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. अकरावीत जीवशास्त्र घेतलं नसेल, तर तो रस्ता दहावीच्या निकालानंतर शाखा निवडतानाच जवळजवळ बंद झालेला असतो. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. शारीरिक शिक्षणासाठी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे, आणि घराजवळ हवं असेल तर 1914 पासून उभं असलेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. पंच, आहारतज्ज्ञ, क्रीडा पत्रकार, सामन्यांच्या आकडेवारीचा विश्लेषक ही कामंही आता पोट भरतात. अभ्यासात पुढे असलेल्यांसाठी आयआयटी मद्रासनं 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन वाढीव जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या यादीत मात्र यावंच लागतं.

अमेरिकेची चर्चा शहरी पालकांत फार असते. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सास ए ॲण्ड एमकडून टेनिस खेळली आणि पुढे आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. दिल्लीचा तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला. तिथली महाविद्यालयीन खेळांची संघटना पहिल्या श्रेणीतल्या महाविद्यालयांकडून खेळू पाहणाऱ्यांकडे नववी ते बारावीतल्या 16 मुख्य विषयांचे गुण मागते. म्हणजे तिकडचा विचार करायचाच असेल तर तो नववीत करावा, बारावीच्या निकालानंतर नव्हे. तिसऱ्या श्रेणीतली महाविद्यालयं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, आणि कबड्डी, खो-खो, क्रिकेट त्यांच्या यादीत नाहीत. ‘शंभर टक्के स्कॉलरशिप’ सांगून फी घेणाऱ्या दलालापुढे हे मुद्दे ठेवून पाहा. एवढी साधनं असलेल्या त्या देशातही महाविद्यालयीन खेळाडूंपैकी दोन टक्क्यांपेक्षा कमी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात, असं ती संघटना स्वतःच सांगते.

गुडघ्याचा अस्थिबंध फाटायला एक क्षण पुरतो. सोळाव्या वर्षी ‘मी खेळाडू’ ही एकच ओळख असलेल्या मुलाला त्यानंतर उभं करणं फार कठीण जातं. दुसरी वाट तयार ठेवली तर मुलाचं लक्ष उडेल, असं म्हणणारे प्रशिक्षक अजून आहेत. त्यांना स्वप्नीलच्या तारखा दाखवाव्यात.

मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेच्या संघांची निवड झाली की त्याच महिन्यात नववी ते बारावीच्या खेळाडूंच्या पालकांची एक बैठक बोलवा. क्रीडाशिक्षकाबरोबर गणिताचे शिक्षक आणि कार्यालयातले लिपिकही तिथे बसवा. कुठल्या स्पर्धा मान्यताप्राप्त आहेत, परीक्षा कधी आहेत, सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव कोण आणि कधी पाठवणार, हे त्या दिवशी लिहून घ्या आणि त्याची एक प्रत प्रत्येक घरी द्या. याला वेगळा निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही.