धर्माचा रकाना

शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघे बसलो होतो. समोरच्या भिंतीवर हातभर उंचीचा क्रूस होता. आमची लेक, वय वर्षे साडेपाच, बराच वेळ त्याच्याकडे टक लावून पाहत होती. मग भर शांततेत तिने खणखणीत आवाजात विचारले, ‘‘आई, त्या काकांना खिळे कुणी मारले?’’

बाकावरच्या इतर पालकांनी माना वळवल्या. मी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने घड्याळाकडे. ‘‘घरी गेल्यावर सांगते हं,’’ म्हणून मी वेळ मारून नेली. तेवढ्यात खिडकीतून प्रवेश-अर्ज हाती आला. त्यात बाळाचे नाव, जन्मतारीख, रक्तगट आणि पाचव्या ओळीत ‘धर्म’. तिथे पेन अडले ते अडलेच.

आम्ही दोघेही देव न मानणारी माणसे. लग्न रजिस्टर पद्धतीने केले, घराची वास्तुशांत केली नाही, लेकीचे बारसे म्हणजे चहा आणि पेढे. सासरे सेवा दलात वाढलेले, त्यामुळे त्यांच्याकडून विरोध होण्याचा प्रश्नच नव्हता. सासूबाई मात्र श्रद्धाळू. त्यांचे देवघर त्यांच्या खोलीत, रोजची पूजा, संध्याकाळी निरांजन. ‘मुलीला त्यात ओढायचे नाही’ असा आमचा दंडक, आणि त्यांनी तो पाच वर्षे निमूटपणे पाळला. आरतीच्या वेळी नात खोलीत डोकावली, तर त्याच तिला म्हणत, ‘‘जा गं बाहेर, आईला आवडायचं नाही.’’

आणि आता आम्ही निघालो होतो कॉन्व्हेंटचा अर्ज घेऊन!

आपल्याकडे ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. दारात सरस्वतीची तसबीर असलेली कोणतीही इंग्रजी शाळा लोकांच्या तोंडी कॉन्व्हेंटच असते. पण खऱ्याखुऱ्या कॅथलिक शाळांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. जेझुइट पाद्र्यांनी चालवलेली पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९ची. त्यांच्या वर्गांतून मराठी घरांच्या कितीतरी पिढ्या शिकल्या आणि आपापल्या धर्मातच राहिल्या. आमच्या मनातली शाळाही अशीच जुनी. घरापासून दहा मिनिटांवर, मोठे मैदान, शिस्त, उत्तम इंग्रजी.

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, ‘‘एक विचारू? रागावू नका. माझा देव चालत नाही म्हणता. मग त्यांचा बरा चालतो?’’

ताटावर कुणीच बोलेना. सासऱ्यांनी आमटी पुन्हा वाढून घेतली.

मला प्रथम राग आला. मग मी स्वतःशी वाद घालू लागले. निधर्मी शाळा म्हणून दुसरी कोणती शोधायची? जवळची मराठी शाळाही पाहून आलो होतो. तिथे सकाळी हात जोडून प्रार्थना होती, दसऱ्याला सरस्वतीपूजन होते. आपण हे इतके सवयीने स्वीकारलेले असते की, त्यात धर्म आहे हेच दिसत नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने मात्र शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, त्यापायी त्याची वेतनवाढ अडली आणि २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. म्हणजे क्रूस डोळ्यांत खुपतो तो परका म्हणून, हे उघड होते. नास्तिकाच्या डोळ्यांत तर दोन्ही सारखेच खुपायला हवेत.

हा तिढा काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या, कॅथलिक नव्हे, प्रॉटेस्टंट. पण सदनात कुणावर धर्म लादणार नाही, या त्यांच्या शब्दावर रानडे, भांडारकरांसारखे सुधारक पाठीशी उभे राहिले. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत जाऊन बसू लागल्या. बोलावले नाही हे खरे, पण दार लावले नाही हेही खरे. १८९३ साली पुण्यात गहजब झाला, सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती काही ख्रिस्ती झाली नाही. उघड्या दारासमोर राहूनही माणूस आपल्या वाटेने जाऊ शकतो. पण पालकांची भीती निव्वळ मूर्खपणाची होती, असेही म्हणवत नाही. पाच-सहा वर्षांच्या पोराला उघडे दार आणि बोलावणे यांतला फरक कसा कळायचा?

राज्यघटनेने हा फरक कागदावर तरी नीट केला आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतो. त्याच घटनेचा अनुच्छेद २८ म्हणतो की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाला, त्याच्या पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. थोडक्यात, शाळा त्यांची, पण संमती आपली. मात्र बहुतेक पालक ती काही न विचारताच देऊन टाकतात. प्रवेश मिळाला यातच इतका आनंद असतो!

म्हणून पुन्हा गेलो, तेव्हा प्रश्न लिहूनच नेले. सकाळची प्रार्थना कोणती? न म्हणणारे मूल गप्प उभे राहिले तर चालेल का? चॅपेलमध्ये नेता का, नेता तर आधी सांगता का? मुख्याध्यापिका सिस्टर वयस्कर होत्या, मराठी स्वच्छ बोलत होत्या. त्यांनी सरळ उत्तरे दिली. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा तास, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स. सकाळची प्रार्थना सर्वांसाठी, पण गप्प उभे राहायला हरकत नाही. चॅपेलची सक्ती नाही. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. बहुतेक जण फक्त इंग्रजीबद्दल विचारतात. पण एक सांगते, आम्ही आमची श्रद्धा लपवणार नाही.’’

मलाही बरे वाटले. कारण आमचा खरा दोष त्या एका वाक्याने दाखवून दिला होता. त्या काही लपवत नव्हत्या. लपवत होतो आम्ही. इंग्रजीसाठी आम्ही क्रूस चालवून घेत होतो आणि तत्त्वासाठी आजीचे निरांजन बंद ठेवत होतो. तत्त्व जर घरच्या म्हातारीवरच चालत असेल आणि शाळेच्या दारात गळून पडत असेल, तर त्याला तत्त्व कसे म्हणावे?

राहिला तो रकाना. कारकून म्हणाले, ‘‘मोकळा ठेवू नका, काहीतरी लिहा.’’ तेव्हा आठवला २०१४चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल. आपण कोणत्याच धर्माचे नाही, अशी नोंद राजपत्रात करून मागणाऱ्यांना शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता. न्यायालयाने स्पष्ट केले की, कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि धर्म सांगण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. गंमत म्हणजे ते अर्जदार नास्तिक नव्हते. येशूला मानणारे, पण धर्म म्हणून ख्रिस्ती न म्हणवणारे होते! आम्ही रकान्यात लिहिले, ‘कोणताही नाही’. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले आणि शिक्का मारला.

प्रवेश मिळाला. लेक जूनपासून शाळेत जाते आहे. त्या काकांना खिळे कुणी मारले, हे तिला आजोबांनी सांगितले. ‘‘चांगलं बोलणारा एक माणूस होता. राज्य करणाऱ्यांना ते रुचलं नाही, त्यांनी त्याला मारलं. काही लोक त्याला देव मानतात, काही मानत नाहीत. तू मोठी झालीस की ठरव.’’ सासूबाईंच्या खोलीचे दारही आता उघडे असते. आत जायचे की नाही, ते लेक ठरवते. बहुधा जातेच, कारण तिथे खडीसाखर मिळते.

परवा झोपताना तिने शाळेतली प्रार्थना इंग्रजीत म्हणून दाखवली, मग आजीकडून ऐकलेली ‘शुभंकरोति’ म्हटली, आणि विचारले, ‘‘आई, तुझी कुठली?’’

मी म्हणाले, ‘‘मी म्हणत नाही.’’

‘‘मग तू काय करतेस?’’

आम्ही काय मानत नाही, हे या घरात सर्वांना तोंडपाठ होते. काय मानतो, ते मात्र आम्ही तिला कधी सांगितलेच नव्हते. त्या रात्री दिवा मालवायला बराच उशीर झाला.