गळपट्ट्यातून निसटणारा कुत्रा

मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी कुत्रा हा घरच्या माणसांतच मोजला जातो. दिवसा अंगणात, रात्री ओसरीवर आणि धानाच्या हंगामात बांधावर त्याची सोबत असते. त्याला बांधून ठेवण्याची गरज पूर्वी फारशी कोणास वाटत नसे. आज परिस्थिती निराळी आहे. भंडारा-तुमसर मार्गावरील वाहने वस्तीला लागून धावतात. त्यामुळे कुत्र्याला बाहेर नेताना गळपट्टा आणि दोरी अपरिहार्य झाली आहे. अडचण तेथेच उभी राहते. एखादा ट्रक कर्कश वाजतो, कुत्रा बिचकून दोन पावले मागे सरतो, मान खाली घालून कान मागे चपटे करतो आणि क्षणार्धात रिकामा पट्टा आपल्या हातातील दोरीला लोंबकळत राहतो.

हा प्रश्न केवळ कुत्र्याच्या सुखरूपतेचा नाही. घाबरून सुटलेले जनावर रस्त्यावर धावते, दुचाकीला आडवे येते, अडवू पाहणाऱ्याला चावते. मोकाट कुत्र्यांशी त्याची झटापट झाली, तर रेबीजची शंका घरापर्यंत येते. जंगलालगतच्या गावांत रात्री सुटलेला कुत्रा बिबट्याचे सहज भक्ष्य ठरतो. पुष्कळ घरांत दोरी मुलांच्याच हाती असते. कुत्र्यामागे रस्त्यावर धावतात तीही मुलेच. म्हणून गळपट्ट्याची निवड हा कुटुंबाच्या आरोग्याचाच एक भाग मानला पाहिजे. कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. पाळीव जनावरापासून माणसास धोका पोहोचू नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पट्टा निसटतो कसा?

साध्या पट्ट्याचा घेर ठरलेला असतो. कुत्रा पुढे चालतो तेव्हा पट्टा मानेच्या रुंद भागाकडे राहतो. तो मागे सरला आणि आपण दोरी पुढे ओढली, की तोच पट्टा कानांवरून डोक्याकडे घसरतो. डोक्याचा घेर मानेपेक्षा पुरेसा मोठा असेल, तर पट्टा अडतो. तसे नसेल, तर अडण्याजोगे काहीच उरत नाही.

याचे ठळक उदाहरण आपल्या सीमेवरचेच आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या शिकारी जातीला आश्रय दिला, ती मुधोळ हाउंड, आणि महाराष्ट्रात कारवान या नावाने ओळखला जाणारा तिचाच भाईबंद, यांचे डोके लांबट व अरुंद, तर मान लांब व बळकट असते. भारतीय टपाल खात्याने 2005 साली देशी श्वानांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाउंडचाही समावेश होता. अशा कुत्र्याच्या गळ्यात साधा पट्टा कितीही चांगला असला, तरी तो विश्वासाचा नव्हे. जाड मान आणि बसके तोंड असणाऱ्या पगची अडचणही तीच. आपल्याकडील सडपातळ गावठी कुत्रेही बहुधा याच गटात मोडतात. पॉमेरेनियनसारख्या केसाळ कुत्र्यांच्या बाबतीत केसांच्या फुगीरपणामुळे पट्टा घट्ट भासतो. प्रत्यक्षात तो सैल असतो.

आधी माप, मग खरेदी

शिंप्याकडील मापाची फीत घ्यावी. ती नसल्यास सुतळीने माप घेऊन ती पट्टीवर मोजावी. दोन मापे घ्यावीत. पहिले मानेचे, कानांच्या अगदी मागे, केस दाबून. दुसरे डोक्याचे, कानांच्या पुढे जेथे ते सर्वांत रुंद आहे तेथे. डोके मानेपेक्षा स्पष्टपणे मोठे असेल, तर बकलचा रुंद साधा पट्टा चालतो. त्याच्या आत दोन बोटे सपाट जावीत, तिसरे जाऊ नये. दोन्ही मापे जवळपास सारखी असतील किंवा मानच मोठी असेल, तर साधा पट्टा नावाची चकती अडकवण्यापुरता ठेवावा आणि दोरीसाठी दुसरी योजना करावी.

मार्टिंगेल पट्टा

या कामासाठी मार्टिंगेल नावाचा पट्टा सर्वांत उपयुक्त आहे. त्यात एक लांब पट्टी असते व तिच्या दोन्ही टोकांना एकेक कडी असते. या दोन कड्यांतून एक छोटा वेढा ओवलेला असतो आणि दोरी त्या वेढ्याच्या कडीला अडकते. कुत्रा सरळ चालत असता पट्टा सैल राहतो. तो मागे सरला, की छोटा वेढा ताणला जाऊन दोन्ही कड्या जवळ येतात आणि पट्टा मानेभोवती आवळतो. पण कड्यांच्या मर्यादेपलीकडे आवळत नाही. फासासारखी साखळी आणि हा पट्टा यांतील मुख्य भेद हाच. साखळीला मर्यादा नसते आणि तिच्यामुळे श्वासनलिकेस इजा होऊ शकते.

तालुक्याच्या बाजारात असा पट्टा न मिळाल्यास चामड्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून तो करून घेता येतो. समजा, मान 36 व डोके 38 सेंटिमीटर आहे. मग कड्यांसह लांब पट्टी 33 सेंटिमीटर आणि छोट्या वेढ्याची एकूण लांबी सुमारे 20 सेंटिमीटर ठेवावी. पूर्ण सैल असता घेर सुमारे 43 सेंटिमीटर होतो, म्हणून पट्टा डोक्यावरून घालता येतो. ताणल्यावर तो मानेस बसतो आणि दोन कड्यांत दोनतीन सेंटिमीटर अंतर उरते. ताणल्यावर कड्या एकमेकींस टेकल्या आणि तरीही पट्टा सैल वाटला, तर तो मोठा झाला असे समजावे. हा पट्टा फक्त फिरवताना वापरावा. त्याने कुत्र्याला खुंट्यास बांधू नये आणि घरी आल्यावर तो काढावा. कुंपणात अडकला, तर तो आवळतच राहील.

खोकणाऱ्या, लहान चणीच्या किंवा बसक्या तोंडाच्या कुत्र्यांना मानेवर ताण नकोच. त्यांच्यासाठी छातीचा हार्नेस योग्य. मात्र साध्या हार्नेसमधूनही कुत्रा मागे सरत पाय सोडवून घेतो. म्हणून फासळ्यांच्या मागे, कमरेच्या बारीक भागावर येणारा तिसरा पट्टा असलेला हार्नेस निवडावा. अति भित्र्या कुत्र्यासाठी हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही घालून ते एका छोट्या दोरीने जोडावेत. एक सुटला, तरी दुसरा राहतो.

रोजची काळजी

घराबाहेर पडण्यापूर्वी दारातच पट्टा एकदा ओढून पाहावा. पिल्लाचे माप दर आठवड्यास घ्यावे. पावसाळ्यात चामडे ताणते आणि त्यास बुरशी धरते, म्हणून नायलॉन किंवा निवारीचा पट्टा बरा. परंतु तोही ओला राहू देऊ नये. ओल्या पट्ट्याखाली त्वचा चिघळते, गोचीड दडून बसतात. रोज रात्री पट्टा काढून मान तपासावी. आखूड वा जड साखळीने जनावरास दीर्घकाळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे, याचाही विसर पडू नये.

दिवाळीचे फटाके, लग्नाची वरात, नवरात्रात चौंडेश्वरीच्या मंदिराकडे लोटणारी गर्दी अशा वेळी फेरी उजाडण्यापूर्वी उरकावी आणि दोरी मोठ्या माणसाने धरावी. कुत्रा मागे सरू लागला, तर ओढू नये. ओढण्यानेच पट्टा डोक्यावरून निघतो. उलट दोरी ढिली करून त्याच्या दिशेने एक पाऊल टाकावे.

तरीही तो सुटलाच, तर मागे धावू नये. पाठलाग त्याला अधिक दूर नेतो. खाली बसून, तोंड किंचित वळवून, नेहमीच्या स्वरात हाक मारावी. परतल्यावर रागावू नये, अन्यथा पुढच्या वेळी तो येणार नाही. गळ्यातील चकतीवर आपला दूरध्वनी क्रमांक असावा आणि रेबीजची लस दरवर्षी टोचलेली असावी. या धांदलीत कोणास चावा वा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान 15 मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी नजीकच्या शासकीय रुग्णालयात जावे आणि लशीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला रोखते.

हे सारे करावयास खर्च थोडा लागतो. मापाची फीत, एक योग्य पट्टा आणि दारात थबकून तो ओढून पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, अंगी बाणवावी; कारण दोरी बहुधा त्यांच्याच हाती असते.