सगळ्यांचा चेहरा सेम टू सेम

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी यथातथाच, तेव्हा सांभाळून घ्या! विषय मात्र तिथल्याच लायब्ररीतला आहे. डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट' तुमच्यापैकी काहींनी लहानपणी वाचलं असेल. हेच स्यूस दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या 'पीएम' दैनिकात राजकीय व्यंगचित्रं काढायचे. १९४१ ते १९४३ या काळात ४०० हून जास्त!

हिटलरची त्यांनी यथेच्छ खिल्ली उडवली. ज्यू आणि कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीवरही कोरडे ओढले. म्हणजे माणूस भला. पण त्यांचं १३ फेब्रुवारी १९४२ चं चित्र पाहून मी गारच पडलो. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तेव्हा दोनच महिने झाले होते. चित्रात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी लोकांची लांबलचक रांग आहे. प्रत्येकजण स्फोटकांचं पुडकं घेतोय आणि छपरावर एकजण दुर्बिणीतून समुद्रापलीकडच्या इशाऱ्याची वाट बघतोय. चेहरे सगळ्यांचे सेम टू सेम.

खरी मेख इथेच आहे. 'हे सगळे हेर आहेत' असं कुणी लेखात लिहिलं, तर आपण विचारतो, पुरावा काय? चित्राला कोण विचारणार? आपण आधी हसतो आणि हसलो की अर्धं पटलेलंच असतं. शिवाय एकच चेहरा पुन्हा पुन्हा काढला की त्यातला दुकानदार कोण, शेतकरी कोण, कुणाचा बाप कोण, हे दिसतच नाही.

सहाच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढला. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक! हे एका चित्रामुळे झालं नाही, पण अशा चित्रांनी ते लोकांच्या गळी उतरवलं. सरकारने माफी मागितली ती १९८८ मध्ये.

स्यूस १९५३ साली जपानला गेले. पुढच्याच वर्षी कुणालाही न दिसणाऱ्या चिमुकल्या जीवांना वाचवणाऱ्या हत्तीची गोष्ट आली, 'हॉर्टन हियर्स अ हू!' अर्पणपत्रिकेत क्योतोच्या जपानी मित्राचं नाव आहे.

आता माझी कबुली. गेल्या गॅदरिंगला भित्तिपत्रकासाठी मी परराज्यातून आलेल्या मुलांचं चित्र काढलं होतं. सगळ्यांना एकच चेहरा. पब्लिक पोट धरून हसलं. त्यांच्यातला एकजण मात्र चित्रापुढे बराच वेळ उभा होता. बहुधा स्वतःला शोधत असावा.

यंदाही चित्र काढणार आहे. पण आधी प्रत्येकाचं नाक नीट बघून!